भट्टीच्या दारातली बाज

शिवरात्र झाली की आमच्या माळ्यावरचे साचे खाली उतरतात. सागवानी लाकडाचे आहेत, सासऱ्यांच्या वडिलांनी नगरच्या सुताराकडून करून घेतलेले. वर्षभर पोत्यात गुंडाळून वर असतात. खाली आले की हौदात भिजत घालायचे, काथ्याने घासायचे, खाचेत अडकलेली गेल्या सालची साखर सुईने उकरून काढायची. हे काम माझं. साचे हौदात पडले की माझे गुडघे दुखायला लागतात. अजून खरं काम सुरूही झालेलं नसतं, तरी दुखतात.

आम्ही गाठी करतो. होळीला आणि पाडव्याला लहान पोरांच्या गळ्यात घालतात, गुढीला बांधतात, त्या साखरेच्या गाठी. पोरांच्या हातातली साखरेची कडीसुद्धा करतो. माल पारनेरला जातो, जामखेडला जातो, मधल्या लहानसहान गावांच्या बाजारात जातो. बाकीचे महिने आमचे मालक शेत बघतात आणि मुलगा टेम्पो चालवतो. पण शिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत सगळं घर भट्टीभोवती असतं. धाकटी जाऊ भोसरीला राहते, ती तेवढ्यासाठी इथे येऊन राहते. दीर सुट्टी मिळेल तसे येतात. म्हणजे लोकांच्या सणाच्या आधी महिनाभर आमच्या घरी माणसं भरलेली असतात, आणि प्रत्यक्ष सणाच्या दिवशी सगळी पडून असतात. लग्न होऊन आले त्या साली पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर सासूबाई जमिनीवर आडव्या झाल्या आणि संध्याकाळी उठल्या. मला वाटलं आजारी आहेत. पुढच्या साली मीही त्यांच्याशेजारी आडवी झाले.

या कामात घरातल्या लहान पोराला बांधून ठेवायची आमच्यात रीत आहे. ऐकायला वाईट वाटतं, पण ज्याने उकळता पाक जवळून पाहिलाय त्याला वाटणार नाही. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला धरून बसतो. म्हणून भट्टी पेटली की रांगतं, चालतं पोर खांबाला. सासूबाईंचं एक जुनं नऊवारी लुगडं होतं. हिरवं होतं म्हणतात, आता त्याचा रंग सांगता येणार नाही. त्याचं एक टोक पोराच्या कमरेला आणि दुसरं पडवीच्या मधल्या खांबाला. लांबी अशी धरायची की पोर अंगणाच्या पायरीपर्यंत जाईल, पण भट्टीच्या खोलीच्या उंबऱ्याला त्याचा हात लागणार नाही. त्या खोलीला दार नाही. साचे घेऊन सारखं आतबाहेर करावं लागतं आणि धगही बाहेर पडायला हवी, म्हणून कधी बसवलंच नाही.

मालक लहानपणी त्या खांबाला होते. दीर होते. माझा मुलगा आणि मुलगी, दोघं होती. पोरं पहिले दोनेक दिवस रडायची. मग खांबाभोवती गोल फिरून लुगडं गुंडाळून घ्यायची, उलटं फिरून सोडवायची, त्यातच दुपार जायची. तुटक्या गाठीचा तुकडा हातात दिला की चोखत बसायची आणि मुंग्यांसकट झोपायची. मुलगी आता नांदती बाई आहे, पारनेरकडे दिलीय. माहेरी आली की घरात एवढी जागा असते, पण चहाचा कप घेऊन त्याच खांबाला पाठ लावून बसते. मी तिला कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं काय आहे त्यात.

औंदा नातू दीड वर्षांचा झालेला. गेल्या साली मांडीवरचा होता, त्यामुळे प्रश्न आला नव्हता. त्याची बहीण सहा वर्षांची, पहिलीत जाते. ती लहान होती तेव्हा मुलगा-सून पुण्याला खोली करून होते, म्हणून तिलाही खांब माहीत नाही. सून जामखेडकडची. बारावी झालेली, कामाला चपळ आणि बोलायला त्याहून. साच्याच्या खाचेत दोरा घालायचं काम तिचं. दोरा नीट बसला नाही तर साचा उघडल्यावर माळ हातात येत नाही, नुसते साखरेचे बत्तासे गळून पडतात. तिच्या बोटाखालचा दोरा कधी सुटत नाही, हे मालकांनीही कबूल केलेलं आहे. तिच्यासमोर नाही, माझ्यासमोर.

भट्टी पेटली त्या दिवशी नातवाला मीच बांधलं. सून बघत होती. पोर दिवसभर रडलं. रडून रडून उचकी लागली, तरी रडलं. संध्याकाळी तिने त्याला आंघोळ घातली तेव्हा कमरेला लाल वळ दिसला. तिने त्यावर खोबरेल लावलं आणि माझ्याकडे न बघता भाकरी करायला बसली.

दुसऱ्या दिवशी जाऊ लुगडं घेऊन आली, तशी सुनेने ते तिच्या हातातून घेतलं, चार घड्या घातल्या आणि खुंटीवर टाकलं.

"आत्याबाई, मी त्याला बांधू द्यायची न्हाई."

मी म्हटलं, "बरं."

जाऊ म्हणाली, "अगं, तुझा नवरा ह्याच खांबाला मोठा झालाय. काय वाकडं झालं त्याचं?"

"तेच म्हनते काकी. आजून हाक मारली तर जागचं हलत न्हाईत."

जाऊ तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं होतं. मालक आत लाकडं रचत होते, ते हसले नाहीत. म्हणाले, "मग पोर सांबाळनार कोन? आन दोरा कोन घालनार?"

"पोराला कशाला बांधता मामा? भट्टीला बांधा की."

ती सासऱ्यांना मामा म्हणते. मालकांना वाटलं ती उलट बोलतेय. "भट्टी काय शेरडू हाय व्हय बांधायला," म्हणाले आणि फुंकणी घेऊन बसले. ते बोलणं तिथेच राहिलं. मीही ते त्याच वेळी विसरून गेले.

होळीपर्यंतचे दिवस मग असे गेले की सांगता सोय नाही. सून पोराला कडेवर घेऊन एका हाताने दोरा घालायची. कधी जाऊकडे द्यायची, कधी नात शाळेतून आली की तिच्याकडे. पण पोर एकाच्या ताब्यात राहणारं नव्हतं, नुकतं पळायला शिकलेलं. मी त्याच्या पायात घुंगराचे वाळे घातले. पाकाजवळ माझी जागा असते. कढईतली मळी काढायची, उरलेली वर यावी म्हणून दूध घालायचं, पुन्हा मळी काढायची, नाहीतर गाठ पिवळी पडते, आणि तार बघायची. डोळा कढईतून काढता येत नाही, म्हणून मी कान बाहेर ठेवायचे. वाळे वाजत असले की बरं. वाजायचे थांबले की माझा जीव थांबायचा. दिवसभर असं एक अंग आत आणि एक बाहेर ठेवून संध्याकाळी मी भाकरीच्या परातीवरच पेंगायचे. एकदा पोर वाटी घेऊन थेट उंबऱ्यावर येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "आजी, सा." साखर. आत जाऊच्या हातात ओतायचं भांडं होतं. ती होती तिथेच थांबली, मीही थांबले, आणि सुनेने मागून येऊन त्याला उचललं. कुणाला काही झालं नाही.

होळीच्या दिवशी पहाटेच पुरण शिजायला घातलं. दीर आदल्या दिवशी आले होते. दुकानदारांना अजून माल हवा होता. दुपारी शेवटची कढई उतरवली आणि तेवढ्यात वाळे वाजायचे थांबले. सून हातातला साचा टाकून बाहेर पळाली. पोर गोठ्यात शेरडाच्या पिल्लाशी बसलेलं सापडलं. पण साच्यात दोरा नव्हता, दुसरा साचा तयार नव्हता, आणि कढईतला पाक आमच्या डोळ्यांदेखत खडीसारखा बसला. कढई पुन्हा तापवून पाणी घालून आम्ही ती सोडवली, पण ती साखर मग करड्या रंगाची होते, गाठीला चालत नाही.

मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "आसं काम हुत न्हाई. तिला म्हनावं, पोरं घिऊन जामखेडला जा. पाडवा झाला का या."

सुनेशी रागाचं बोलायचं असलं की मालक माझ्याशी बोलतात. ती दोन हातांवर उभी होती. सगळं ऐकलं.

संध्याकाळी वाडीची होळी पेटली. आम्ही नैवेद्याची पोळी घेऊन गेलो. पोरं बोंब मारत फिरत होती. सगळ्यांच्या गळ्यात गाठी, आणि बऱ्याचशा आमच्याच साच्यातल्या. होळीची धग अंगावर आली तशी मी मागे सरले. दिवसभराची धग मला पुरली होती. नात माझ्या हाताला धरून होती. म्हणाली, "आजी, आमी उद्या मामाच्या गावाला जानार हाय. आईनी पिशवी भरली."

"बरं हाय की," मी म्हटलं.

"मग पाडव्याला गुडीवर तांब्या कोन घालनार? गेल्या साली मी घातलाय. आबांनी उचललं हुतं मला."

मी तिला म्हटलं, बघू. चार दिवस माहेरी जाऊन येणं वेगळं आणि सणाच्या तोंडावर जा म्हटलं म्हणून जाणं वेगळं. एकदा पोरं अशी उठून गेली की पुढच्या सणाला त्यांना बोलवावं लागतं. बोलवावं लागलं की ती पाहुणी झाली. मुलगा तसाही मधूनमधून म्हणत असतो की पुण्यात टेम्पोला जास्त काम आहे, खोली बघतो. तो कशाच्या जोरावर इथे राहिलाय ते मला माहीत आहे. सुनेला इथे करमतं म्हणून राहिलाय. ती गेली की तो जाणार, आणि पोरं गेली की घरात मी, मालक आणि ते साचे.

मुलगा माल घेऊन बाहेर होता. फोनवर म्हणाला, "आई, तूच सांग तिला राहा म्हनून. न्हाईतर आबांना तरी सांग." जाऊ म्हणाली, "अक्का, तुमी बोला भावजींशी." मालक म्हणाले, "तुझी सून हाय, तू बोल." सगळे मलाच सांगतात, कारण मी कुणाला काही सांगत नाही. मला दुकानात दोन माणसं उभी असली तर मीठ मागायला होत नाही, ती जाईपर्यंत मी थांबते. घरातसुद्धा माझं बोलणं म्हणजे हं आणि बरं. त्या रात्री पाठ टेकली तशी झोपले. विचार करायचा होता, पण अंगात तेवढी ताकद नव्हती.

सकाळी उठून अंगण झाडलं. सुनेची पिशवी पडवीत भिंतीला लावून ठेवली होती. निळी, चेन लावलेली. नात वेण्या घालून, तयार होऊन पायरीवर बसली होती. सून पोराला काजळ घालत होती. तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलावं म्हणून मी तीन वेळा पडवीत आले आणि तीन वेळा झाडूच घेऊन परत गेले. मग पडवीच्या कडेला मालकांची बाज दिसली. लोखंडी पाइपची आहे, नायलॉनच्या पट्ट्या विणलेली. मालक तीवरच झोपतात, दुसरं कुणी बसलेलं त्यांना चालत नाही. आणि तेव्हा कुठे मला सुनेचं बोलणं आठवलं. भट्टीला बांधा की.

मी बाज ओढली. फरशीवर पाय घासून मोठा आवाज झाला. भट्टीच्या खोलीच्या दारात नेली, आडवी केली, कडेवर उभी केली. दाराच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे हातभर जास्तच भरली. उंची माझ्या मांडीपर्यंत आली.

मालक दात घासत होते. बोट तोंडातून काढून म्हणाले, "माझी बाज हाय ती."

"हाय," मी म्हटलं.

"मग मी कुटं निजू?"

बाज सारखी पुढे कलत होती, ती मी दोन हातांनी धरून उभी राहिले. सोडली असती तर पडली असती, म्हणून जाताही येईना. सून बघत होती. मग तिने काजळाची डबी बंद केली, खुंटीवरचं लुगडं काढलं आणि बाजेचे पाय चौकटीशेजारच्या, शेरडं बांधायच्या कड्यांना आवळून बांधले. एकदा इकडून, एकदा तिकडून. हलवून बघितलं. पोराला आणून बाजेसमोर सोडलं. त्याने पट्ट्यांना धरून डोकं पुढे घातलं, आत बघितलं, थोडा वेळ बाज हलवली आणि कंटाळून शेरडाकडे गेला.

जाऊ म्हणाली, "एवढी वर्सं कुनाच्या डोक्यात न्हाई आलं हे."

"आलं आसतं," सून म्हणाली, "पन डोकं खांबाला हुतं ना बांधलेलं."

मालकांनी चूळ भरली. ऐकलं नाही असं केलं. पिशवी मात्र सुनेने उचलून आत नेली नाही. तिथेच भिंतीला ठेवली. म्हणजे गेली नाही, पण राहिलीही नाही. मला ते दिसत होतं.

काम सुरू झालं आणि मग कळलं की बाज ओलांडून जायचं म्हणजे काय. मालक लांब टांग टाकून गेले. जाऊ साडी वर धरून, शिव्या देत गेली. मी एक पाय उचलला आणि गुडघा तिथेच अडकला. ना पुढे, ना मागे. जाऊने आतून आणि सुनेने बाहेरून धरलं आणि मला शेरडासारखं परत उतरवलं. दुसऱ्यांदा करून बघितलं, तेच झालं. बाज सोडून मला आत घ्यायची आणि पुन्हा बांधायची, असं दिवसातून किती वेळा करणार. पाणी आणायला बाहेर, दूध आणायला बाहेर.

जाऊ म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का. पाक मी धरते. तुमी पोरगं धरा."

मालक म्हणाले, "गाठ पिवळी पडंल."

"पडू द्या भावजी. पोरं काय रंग बगून खात्यात व्हय?"

अशी मी बाहेर आले. या घरात आल्यापासून शिवरात्र ते पाडवा मी दुपारची अंगणात बसले नव्हते. कडुलिंबाखाली घोंगडी टाकली, पोराला समोर घेतलं. लिंबाला तांबूस पालवी होती, फुलंही फुटली होती आणि बारीक बारीक खाली पडत होती. दर साली पाडव्याच्या सकाळी मालक डहाळी आणून देतात, तीच काय ती मी बघायचे. आतून भांड्यांचे, बोलण्याचे आवाज येत होते. पहिल्या दिवशी मला सारखं वाटलं की कुणीतरी हाक मारील. कुणी मारली नाही. गाठी खरंच पिवळसर निघाल्या. जामखेडच्या दुकानदाराने मुलाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "औंदा गावरान हाय." दुकानदाराने ते गिऱ्हाइकांना सांगितलं असणार, कारण माल परत आला नाही.

मला वाटलं होतं बाहेर बसले की विसावा मिळेल. पण उभ्याने काम करत होते तोवर मी किती दमलेय ते मला कळत नव्हतं. बसल्यावर कळलं. पाठ लिंबाला टेकली की डोळे मिटायचे. मी बोटं चिमटायचे, डोळ्याला पाणी लावायचे, पोराशी मोठ्याने बोलायचे. ते शेरडामागे पळायचं, मी हाक मारायचे, उठायला वेळ लागायचा. बाजेखालून जायला जागा नव्हती, तशी भीती भट्टीची नव्हती. पण अंगणाच्या पुढे रस्ता आहे आणि पलीकडे विहीर. माझा डोळा लागला तर, या विचाराने झोप जास्तच यायची.

पाडवा दोनेक दिवसांवर आला होता. ऊन चढलेलं. पोर माझ्या शेजारी बसून लिंबाच्या काड्या मातीत रोवत होतं. मला आता राहवेना. मी पदराचं टोक घेतलं आणि त्याच्या कमरेच्या करदोड्याला बांधलं. पोराने बघितलं, काही म्हणालं नाही. एक काडी पदरातही रोवायचा प्रयत्न केला. मनात म्हटलं, नुसते डोळे मिटून उघडते.

जाग आली तेव्हा सावली घोंगडीवरून सरकून गेली होती. अंगावर ऊन होतं, पण तोंडावर नव्हतं, कारण माझ्या आणि उन्हाच्या मध्ये सून बसली होती. मांडीवर साचा, तोंडात दोऱ्याचं टोक. बाहेर बसूनच दोरा घालत होती. पोर माझ्या पदरावर डोकं ठेवून झोपलं होतं. आणि पदराचं टोक त्याच्या करदोड्याला तसंच होतं.

मी उठून बसायला गेले. बांधू देणार नाही, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. आणि मी तिच्या पोराला बांधून झोपले होते. पिशवी पडवीत होतीच.

"मी..." म्हणत मी पदराच्या गाठीला हात घातला.

तिने दोरा दाताने तोडला. "मगाशीच बगितलं मी. सोडनार हुते. पन पदर वढला आसता तर तुमी जाग्या झाल्या आसत्या."

ती पुढचा साचा घेऊन बसली. आतून मालकांचा आवाज आला, "साचं कुटं हायती?"

"येत्यात मामा," तिने तिथूनच सांगितलं. मग मला हळू म्हणाली, "पडा तुमी. त्यांचा पाक काय आत्ता हुत न्हाई."

मी पडले. झोप आली नाही, पण डोळे मिटून राहिले. दोरा ओढल्याचा बारीक आवाज येत होता, आणि मध्येच पोराचा श्वास. रडू आलं म्हणावं तर तसंही नव्हतं. नुसतं अंग सैल पडलं होतं.

पाडव्याच्या सकाळी आंघोळी झाल्या. सुनेने पडवीतली निळी पिशवी ओढली आणि चेन उघडली. पोरांचे नवे कपडे इतके दिवस त्यातच होते. फ्रॉक चुरगळला होता, तो तिने हाताने सारखा केला आणि पोरीच्या डोक्यातून घातला. बाकीचे कपडे घडी करून आत कपाटात नेऊन ठेवले. रिकामी पिशवी झटकून खुंटीला लावली. मी चुलीपुढे बसून हे सगळं बघितलं आणि दुधाकडे लक्ष राहिलं नाही, थोडं उतू गेलं.

गुढीला खण, लिंबाची डहाळी आणि आमच्या पिवळ्या गाठी. मालकांनी नातीला उचललं, तिने तांब्या पालथा घातला. वाकडा बसला. मालक म्हणाले, राहू दे तसाच. नातवाच्या गळ्यात घातलेल्या गाठीचा त्याने लगेच तुकडा मोडला आणि बाजेच्या पट्टीतून आत भट्टीकडे टाकला. ती विझलेली होती, तरी टाकला. लिंबाच्या पाल्याचा तुकडा तोंडात घातला तसा थुंकून दिला आणि सगळी हसली.

दुपारी जेवणं झाल्यावर सगळे जागा मिळेल तिथे आडवे झाले. मुलाने लुगडं सोडून बाज दारातून काढली आणि लिंबाखाली टाकली. साखर सांडून सांडून तिच्या पट्ट्या चिकट झाल्या होत्या, मुंग्या लागल्या होत्या. मी ओल्या फडक्याने पुसली, एकदा, दोनदा. मग पुसता पुसता बसले आणि बसल्यावर पाय वर घेतले.

मालक उशी काखेत घेऊन आले. इतके दिवस जमिनीवर झोपून त्यांचीही कंबर धरली होती.

"उठ की," म्हणाले. "मला पडायचंय."

"न्हाई," मी म्हटलं.

त्यांनी उशी दुसऱ्या काखेत घेतली. मग पडवीत गेले आणि मधल्या खांबाला उशी लावून, पाय लांब करून बसले.